खोली मिळेल हो, गाडीचं काय?

कोकणात किनाऱ्यावर राहायची सोय बघताना फोनवर विचारायच्या गोष्टी ठरलेल्या असतात. समुद्र किती लांब, एसी आहे का, जेवणात मासे मिळतील ना, गरम पाणी किती वाजेपर्यंत. हल्ली या सगळ्यांच्या आधी एक प्रश्न येतो: गाडी लावायला जागा आहे का? उत्तरही ठरलेलं. "आहे हो, या तुम्ही."

या "आहे हो"चे बरेच अर्थ मला एव्हाना पाठ झाले आहेत. एका ठिकाणी त्याचा अर्थ विहीर आणि तुळशीवृंदावन यांच्यामधली जागा असा निघाला. गाडी शिरली, पण शिरल्यावर एकाच बाजूचं दार उघडेना म्हणता म्हणता दोन्ही बाजूंची उघडेनात. दुसरीकडे देवळापुढचं पटांगण दाखवलं. तिसरीकडे शाळेचं मैदान. "शनिवार-रविवार शाळा नसते," मालक म्हणाले. आम्ही गुरुवारी पोचलो होतो.

सगळ्यात महागात पडला तो डिसेंबरातला मुक्काम. पाच खोल्यांची घरगुती सोय, फोनवर "पार्किंग भरपूर". रात्री साडेनऊला पोचलो तर आत चार गाड्या एकामागे एक लागलेल्या. आमची पाचवी. "समोर गडग्याला लावा, कोणी काही बोलत नाही." लावली. पहाटे पाचला दारावर थाप. "भाऊ, गाडी काढा जरा, टेम्पो निघायचाय बंदरावर." मी अर्धवट झोपेत, बनियनवर, अंधारात गाडी मागे घेतली आणि जांभ्याच्या गडग्याने मागच्या दारापासून बंपरपर्यंत एक लाल रेघ ओढली. सकाळी घावन वाढताना वहिनी हळहळल्या, "आमच्याकडे आजवर कोणाच्या गाडीला काही झालं नव्हतं हो." जणू गडग्याची ख्याती मीच घालवली.

तेव्हा राग आला होता. पण नंतर एकेक गाव पायी फिरून बघितलं, तेव्हा लक्षात आलं की वहिनी खोटं बोलत नव्हत्या. गाडीला जागा असणं-नसणं हे हॉटेलवाल्याच्या हातात फारसं नसतंच. ते गाव कसं वसलं आहे त्यावर आधीच ठरलेलं असतं.

गुहागर घ्या. कराडवरून विजापूरला जाणारा १६६-ई हा राष्ट्रीय महामार्ग जिथे सुरू होतो ते हे गाव. महामार्ग म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते गावात शिरल्यावर विसरायचं. किनाऱ्याला समांतर असा एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरं, मधोमध व्याडेश्वर, एका टोकाला वरचा पाट आणि दुसऱ्याला खालचा पाट. समुद्राकडच्या घरांच्या मागे ज्याचं त्याचं आगर, नारळी-पोफळीचं, थेट पुळणीपर्यंत गेलेलं. म्हणजे जमिनीचा तुकडा रस्त्याच्या बाजूने अरुंद आणि समुद्राच्या बाजूने लांबलचक. घर तोंडाशी, मागे विहीर, त्यामागे पाटाचं पाणी खेळणारी वाडी. दापोलीजवळचं मुरूड, केळशी, वर दिवेआगर, सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच आराखडा. बैलगाडीला, मेण्याला आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या माणसाला पुरेल इतका रस्ता आणि बेडं उघडलं की अंगण. ही मांडणी अत्यंत शहाणपणाची आहे. तिच्यात फक्त इनोव्हा धरलेली नाही.

इथे थोडा हिशेब करू. एका मोटारीला उभं राहायला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. आत घेणं, वळवणं, बाहेर काढणं यासाठी जवळजवळ तेवढीच आणखी. म्हणजे पंचवीस. पोफळी लावताना दोन झाडांत २.७ मीटर अंतर ठेवायची शिफारस असते, म्हणजे एका पोफळीला सव्वासात चौरस मीटर. एक गाडी म्हणजे साडेतीन पोफळी. पाच खोल्या आणि पाच गाड्या म्हणजे सतरा. पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात आणि त्यानंतर ती कित्येक वर्षं उत्पन्न देते. गाडी दोन रात्री राहते आणि त्यातही दिवसभर मालकीण तिच्याभोवतीने वाट काढत पाणी भरते. वाडीवाला जागा देताना का चुळबुळतो, ते या आकड्यांत आहे.

तरी जागा निघतेच आहे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरच्या, विशेषतः श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या वाड्या आडव्या केल्या. श्रीवर्धनी रोठा ही सुपारीतली नावाजलेली जात. तिची पिढ्यान्‌पिढ्यांची झाडं एका दुपारीत गेली. आडव्या झालेल्या वाड्यांपैकी काहींत पुन्हा रोपं लागली, काहींत खडी पडली. त्या खडीवर आज आपण गाडी लावतो आणि "मस्त पार्किंग आहे" म्हणतो. मीही म्हटलं आहे.

किनाऱ्यावर वरून खाली येत गेलं तर एक गोष्ट सरळ दिसते: गाव जितकं जुनं, तितकी गाडी अवघड. अलिबागजवळच्या किहीम, वरसोली, नागाव पट्ट्यात बंगले आणि रिसॉर्ट बरेचसे मोटारी आल्यानंतरचे आहेत. कुंपण, फाटक, आत चार गाड्यांची जागा हे तिथे मुळातच धरलेलं. तिथे अडचण मुक्कामाची नसते, शनिवारी सकाळी वडखळपासून पुढे सरकण्याची असते. दिवेआगरला नेमकं उलटं. गावात पोचणं सोपं, पण सुवर्णगणेशाच्या देवळाजवळचा रस्ता आणि दोन्हीकडच्या वाड्या यांच्यात सुट्टीच्या दिवशी गाड्या अशा अडकतात की पायी चालणारा पुढे जातो. हरिहरेश्वरला रस्ता देवळाशीच संपतो, त्यामुळे जितक्या गाड्या आत शिरतात तितक्याच वळून परत यायच्या असतात. तिथे देवळाला लागून असलेली खोली हवीहवीशी वाटते खरी, पण गाडी असेल तर अलीकडे राहून प्रदक्षिणेला चालत जाणं बरं. दापोली तालुक्यात कर्दे हे गाडीवाल्यांना सगळ्यात सोयीचं, कारण तिथली राहण्याची ठिकाणं मोकळ्या जागेवर, रस्त्याच्या कडेने पसरली आहेत. शेजारच्या मुरूडमध्ये शिरलात की पुन्हा आगरं आणि गडगे. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायला जरूर जा, पण बंदरापर्यंत गाडी नेऊ नका. बर्फाचे टेम्पो, मासळीच्या पाट्या आणि तुमची गाडी यांत कोणाचं काम जास्त निकडीचं आहे ते तिथे लगेच कळतं.

गणपतीपुळ्याला यात्रेकरूंची सवय आहे, म्हणून वाहनतळांचीही. बसगाड्या येतात, लागतात, जातात. समुद्राकाठचं पर्यटन महामंडळाचं निवासस्थान जुन्या काळी घेतलेल्या प्रशस्त जागेवर आहे. सरकारी सोयींना नावं ठेवणाऱ्यांनीही एवढं मान्य करावं की जागा त्यांच्याकडे असते. मालवण मात्र पुरतं शहर आहे, आणि तेही जुनं. बंदराकडे उतरणाऱ्या गल्ल्या, कौलारू घरं, दुकानांच्या पायऱ्या रस्त्यावर आलेल्या. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारा प्रत्येक जण धक्क्यापाशी गाडी लावू बघतो. मुक्काम गावाबाहेर, तारकर्लीच्या रस्त्याला ठेवून बंदरावर रिक्षाने जाणारे लोक मला सुखी दिसले आहेत. पुढे देवबागला जाल तर लक्षात ठेवा, ती कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली जमिनीची चिंचोळी जीभ आहे आणि रस्ता संगमापाशी संपतो. तिथे माडाखाली गाडी लावायला जागा मिळते. अडचण वाटेत येते, समोरून दुसरी गाडी आली की. दोघांपैकी कोणीतरी मागे जायचं असतं आणि दोघांनाही ते जमत नसतं.

बाकी वेंगुर्ल्याबद्दल तक्रार नाही. तिथे गर्दीच बेताची असते. ही माहिती फार पसरू नये.

माड म्हटल्यावर सांगायला हवं. सावली बघून गाडी माडाखाली लावणारा माणूस घाटावरचा हे लगेच ओळखू येतं. सोडणासकट नारळ किलो-दीड किलोचा सहज असतो. पंधरा मीटरवरून सुटला तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या घरात जातो. पुढची काच त्यासाठी बनवलेली नसते. स्थानिक माणूस आधी वर बघतो, मग गाडी लावतो. मालकाने "इथे नको, तिथे उन्हात लावा" म्हटलं तर त्याला आपली किंमत नाही असं समजू नये. तसंच वाडीतल्या शिंपण्याचं. सकाळी पाट सोडला की वरून कोरडी दिसणारी माती आतून मऊ होते आणि निघायच्या वेळी चाक जागच्या जागी फिरत राहतं. मग झावळ्या, पोती, शेजारचे दोन पोरगे आणि "एक, दोन, तीन".

आत गाड्या एकामागे एक लावायच्या ठिकाणी मालक चावी मागतात. "ठेवून जा, पहाटे कोणाला निघायचं असलं तर मागे-पुढे करायला बरी." सोयीचं आहे आणि बहुतेक वेळा निर्धोकही. पण चावी देणं म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ला निकाल दिला आहे. १९९८ साली दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात पाहुण्याने चावी नोकराच्या हाती दिली आणि दोन-तीन तासांत गाडी चोरीला गेली. पावतीवर "गाडी मालकाच्या जबाबदारीवर" छापलेलं होतं. न्यायालय म्हणालं, एकदा गाडी ताब्यात घेतली की हॉटेलला स्वतःच्या हलगर्जीपणासाठी त्या छापील ओळीमागे लपता येणार नाही. चार खोल्यांच्या घरगुती सोयीला तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही. पण चावी देताना मालकाच्या हातात द्यावी, बारक्या पोराच्या नाही, आणि गाडीचा किलोमीटरचा आकडा त्याच्यासमोर बघून ठेवावा, इतपत व्यवहार दोघांच्याही हिताचा आहे. छापील ओळ म्हणजे कवच नव्हे हे मालकांनीही ध्यानात घ्यावं.

आणखी एका माणसाचा या सगळ्यात कोणी हिशेब धरत नाही. भाड्याची गाडी घेऊन येणाऱ्यांबरोबर चालक असतो. गाडीला जागा विचारली जाते, त्याला विचारली जात नाही. मग तो माणूस रात्री गाडीची पाठ खाली पाडून, काचा बोटभर उघड्या ठेवून, डास मारत झोपतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला आंबेनळी किंवा आंबा घाटातून वर नेतो. काही ठिकाणी पडवीत गादी, मच्छरदाणी आणि घरचं जेवण मिळतं, वेगळे पैसे न घेता. अशी ठिकाणं मी लक्षात ठेवतो. खोलीतल्या टाइल्सपेक्षा तिथल्या माणसांबद्दल जास्त कळतं.

जागा मिळाली नाही की लोक समुद्राकडे बघतात. सहा किलोमीटरची मोकळी पुळण समोर असताना गाडी गल्लीत का कोंबायची? हा विचार दर सुट्टीत कोणाला ना कोणाला सुचतो आणि दर सुट्टीत पाण्यात अर्धी बुडालेल्या गाडीचा फोटो वर्तमानपत्रात येतो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल पाचला जिथे टणक ओली वाळू होती तिथे आज पाचला तशीच असेल असं नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर पाणी नेहमीची रेघ ओलांडून वर येतं. वाळूत रुतलेलं चाक जितकं फिरवाल तितकं खोल जातं. मग ट्रॅक्टर येतो, आणि त्या वेळी त्याचे पैसे विचारायची आपली ताकद नसते.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. हिवाळ्यात याच पुळणीवर रात्री ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला वर येतात. वेळास, आंजर्ले आणि गुहागर ही त्यांची ठरलेली ठिकाणं. फेब्रुवारी २०२३मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावरून दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रं बसवून त्यांना सोडलं होतं. नावं बागेश्री आणि गुहा. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून पार बंगालच्या उपसागरात गेली. वाळूखाली फूट-दीड फुटावर असलेलं घरटं वरून दिसत नाही. त्यावरून गेलेल्या चाकालाही ते कळत नाही. गोव्यात पुळणीवर गाडी घालणं कायद्याने दंडाला पात्र आहे. आपल्याकडेही पोलीस कारवाई करतात, पण सुट्टी संपत आल्यावर.

मग यावर उपाय काय? प्रत्येक हॉटेलला स्वतःची जागा करायला लावणं हा कागदावरचा सोपा उपाय. नव्या हॉटेलला बांधकाम नियमांत खोल्यांच्या हिशेबाने वाहनतळ ठेवावाच लागतो. पण किनाऱ्यावरच्या बहुतेक सोयी मुळात राहती घरं आहेत, न्याहारी-निवास योजनेतून पाहुण्यांना उघडलेली. त्यांच्याकडे जागेची सक्ती करणं म्हणजे पोफळी तोडायला सांगणं. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात तर बहुतेक ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामाला किनारा नियमांचा अटकाव आहे. त्यामुळे समुद्राच्या बाजूला काही भरीव उभं करणं शक्य नाही आणि करूही नये.

मला पटणारं उत्तर समुद्रावर नाही, डोंगरावर सापडलं. माथेरानला कोणी हॉटेलवाल्याला पार्किंग विचारत नाही. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि गाव गाड्यांशिवाय जगतं. कोकणात तसं पूर्ण बंदीपर्यंत जायची गरज नाही. पण या गावांच्या माथ्यावर सडा आहे, उजाड, कातळाचा, जिथे पोफळही लागत नाही आणि गवतही पावसापुरतंच. तिथे कुंपण घातलेला, दिवे आणि राखणदार असलेला एक वाहनतळ नगरपंचायतीने किंवा ग्रामपंचायतीने केला, सामान आणि म्हाताऱ्या माणसांना खाली सोडून गाडी वर न्यायची असं ठरवलं आणि सडा ते पुळण रिक्षा चालवल्या, तर शुल्क गावाला मिळेल, धंदा रिक्षावाल्यांना मिळेल आणि रस्ता चालणाऱ्यांना मिळेल. चढ आहे, पर्यटक कुरकुरतील, आणि ज्याच्या अंगणात चार गाड्या मावतात तो मालक तर विरोधच करेल. एखाद्या गावाने एका दिवाळीपुरतं करून बघायला हरकत नाही.

गाडी न नेणं हाही एक पर्याय आहे आणि तो वाटतो तितका गैरसोयीचा नाही. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या काही बोटींच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते. गुहागरला एसटीचं स्थानक समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. इतकी मोक्याची जागा एकाही रिसॉर्टला मिळालेली नाही. चिपळूणपर्यंत रेल्वे, पुढे एसटी, गावात पाय. दाभोळच्या खाडीवर धोपाव्याहून फेरीबोट लागतेच, पलीकडे दापोली. म्हाताऱ्या आई-वडलांना किंवा तान्ह्या मुलाला घेऊन हे जमत नाही, तेव्हा गाडी लागते हेही खरं. माझ्या आईला एसटीची पायरी आता चढवत नाही, म्हणून तर मी गडग्यांशी ओळख वाढवून आहे.

गणपतीत आणि शिमग्याला मात्र गाडी घेऊन पाहुणा म्हणून जाऊ नका. तेव्हा जागा नसते याचं कारण साधं आहे: घरचेच आलेले असतात. मुंबईचे दोघे भाऊ, पुण्याचा पुतण्या, प्रत्येकाची गाडी, आणि अंगणात मांडव. शिमग्याला पालखी घरोघर फिरते आणि तिच्या वाटेत तुमची गाडी असेल तर ती उचलायला वीस माणसं तयार असतात, आनंदाने.

दिवाळीच्या सुट्टीसाठी फोन आतापासून करा. "पार्किंग आहे का" असं विचारू नका, त्याचं उत्तर "आहे हो" हेच येणार. गाडी कुंपणाच्या आत लागेल की बाहेर, पुढे-मागे दुसरी गाडी असेल का, बेड्याची रुंदी किती आणि चालकाला झोपायला कुठे, हे विचारा. आणि आपल्या गाडीची लांबी सांगा. इनोव्हा पावणेपाच मीटर भरते. "थांबा हं, मोजून सांगतो," असं ज्या घरातून उत्तर येईल तिथे खोली घ्या.